निविदा बाद कुणाची, नुकसान कुणाचे?



कालव्याची वितरिका अर्धवट का राहिली, पाणंद रस्त्याची खडी दोन पावसाळे कडेला का पडून आहे, सरकारी गोदाम पायापाशीच का थांबले, असे तालुक्याच्या कचेरीत विचारले की बरेचदा एक ठरलेले उत्तर मिळते : "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." साहेब हे वाक्य अशा आवाजात म्हणतात की पुढे काही विचारायची सोयच राहू नये. विचारणारा मान खाली घालून एसटी पकडतो. कोण कुणाशी भांडतो आहे, कशासाठी भांडतो आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

सरकारी बांधकामाचे टेंडर निघते, एखाद्या ठेकेदाराची निविदा बाद होते, तो तक्रार करतो, वकील गाठतो, उच्च न्यायालयात जातो. वरवर पाहिले तर हा दोन पैसेवाल्यांचा वाद. आपल्या कपाशीला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, आपण त्यात डोके का घालावे, असे कुणीही म्हणेल. पण हिशेब मांडून पाहा. काम ज्या पैशाने होते तो पैसा आपल्या खिशातून गेलेला असतो. काम ज्या पाण्यासाठी असते ते पाणी आपल्या शेतात यायचे असते. भांडण मिटेपर्यंत जो हंगाम जातो तो आपला जातो. ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळाले, कपाशीची बोंडे भरताना एक पाणी मिळाले, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाचे चित्र पालटते. स्थगितीच्या एका कागदाची खरी किंमत एवढी आहे. आणि तरीही त्या खटल्यात वादी ठेकेदार, प्रतिवादी खाते, तिसरा दुसरा ठेकेदार. शेतकरी कुठेच नाही.

म्हणून हे भांडण नेमके कसे होते ते आधी समजून घेऊ, आणि मग आपली जागा त्यात कुठे आहे ते ठरवू.

दोन लिफाफ्यांचा खेळ

काम निघाले की खाते दरसूचीवरून अंदाजपत्रक करते. मग जाहिरात. निविदा दोन लिफाफ्यांत येते. आता हे लिफाफे संगणकावर असतात एवढाच फरक. पहिल्या लिफाफ्यात कागद : नोंदणी, अनुभव, यंत्रसामग्री, उलाढाल, बयाणा रक्कम, प्रतिज्ञापत्रे. दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा पास झाला तरच दुसरा उघडतात. पहिल्यात जो बाद झाला, त्याचा दर किती होता हे कुणाला कळतही नाही.

आता एक उदाहरण समजा म्हणून घ्या. वितरिकेच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक २ कोटींचे आहे. एकाने २२ टक्के खाली भरले आहे, म्हणजे १ कोटी ५६ लाख. दुसऱ्याने ३ टक्के खाली, म्हणजे १ कोटी ९४ लाख. पहिल्याच्या कागदात काही त्रुटी काढून त्याला बाद केले. काम दुसऱ्याला गेले. फरक ३८ लाखांचा. हा फरक एखाद्या साध्या सहीमुळे, एखाद्या मुद्रांकामुळे पडला असेल तर तो आपल्याला पटेल का?

पण थांबा. पहिला ठेकेदार लगेच हुतात्मा ठरत नाही. २ कोटींचे काम जो २२ टक्के खाली मागतो, त्याच्याबद्दल दोनच गोष्टी संभवतात. एक तर अंदाजपत्रकच फुगवलेले आहे, किंवा हा गडी सिमेंटमध्ये हात मारणार आहे. आधी कमी दराने काम पदरात पाडून घ्यायचे आणि मग जादा बाबी, जादा परिमाण, मुदतवाढ, भाववाढ दाखवून बिल वर चढवायचे, ही वाट ठेकेदारीत जुनी आहे. फार खाली भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची पद्धत त्यासाठीच पडली. सगळ्यांत स्वस्त बियाणे म्हणून पिशवी उचलावी आणि पेरल्यावर निम्मेच उगवावे, तसे होते.

तेव्हा बाद झालेला प्रत्येक जण अन्यायाचा बळी नसतो आणि बाद करणारा प्रत्येक अधिकारी चोर नसतो. बाद होण्याचे तीन प्रकार आहेत, ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार रास्त. अनुभवाचा दाखला खोटा, यंत्रे दुसऱ्याच्या नावावर, बयाणा भरलेलाच नाही, आधीचे काम अर्धवट टाकून पळालेला. अशाला बाद केलेच पाहिजे. त्याच्या वकिलाने कितीही आरडाओरडा केला तरी आपण त्याच्या बाजूने उभे राहायचे कारण नाही.

दुसरा प्रकार किरकोळ. पानावर सही राहिली, प्रतिज्ञापत्र ठरल्या नमुन्यात नाही, बयाण्याचा धनादेश वेगळ्या बँकेचा आहे. याबाबत १९९१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याच्या भंगाराच्या निविदेत बयाणा रक्कम रोख किंवा स्टेट बँकेवरच्या डिमांड ड्राफ्टने द्यायची होती. एकाने युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश दिला. न्यायालय म्हणाले, अटी दोन प्रकारच्या असतात, गाभ्याच्या आणि जोडीच्या. गाभ्याची अट मोडली तर माफी नाही. जोडीच्या अटीत खाते सूट देऊ शकते. ही सूट एकाला आणि दुसऱ्याला नाही, असे झाले की मात्र किरकोळ गोष्ट किरकोळ राहत नाही.

तिसरा प्रकार मापाचा. इथे अटच एका माणसाच्या अंगाचे माप घेऊन शिवलेली असते. अमुक प्रकारचेच काम, अमुक वर्षांतच, अमुक रकमेचेच केलेले असावे. यंत्र कामाच्या जागेपासून अमुक किलोमीटरच्या आतच असावे. जागा पाहिल्याचे प्रमाणपत्र अभियंत्याच्या सहीनेच आणावे, आणि साहेब नेमके त्या आठवड्यात दौऱ्यावर असावेत. अशा टेंडरमध्ये बाकीचे बाद होतात ते कागद उघडण्याच्या दिवशी नव्हे; ते जाहिरात निघाली त्याच दिवशी बाद झालेले असतात.

न्यायालय काय बघते आणि काय बघत नाही

आपल्याकडे समज असा की कोर्टात गेले की दूध का दूध, पाणी का पाणी होते. टेंडरच्या बाबतीत तसे होत नाही, आणि का होत नाही हे कळायला मुंबईतल्या एका खटल्यापासून सुरुवात करावी लागते.

१९७७ साली मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. अट होती की निविदा भरणारा नोंदणीकृत, दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालक असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. ज्याला ठेका मिळाला तो या अटीत बसत नव्हता. पण त्याची बोली सर्वांत जास्त होती, महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध विमानतळ प्राधिकरण या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला : सरकारी संस्थेने जी अट स्वतः लिहिली तिला ती संस्था स्वतः बांधलेली आहे, मनात येईल त्याला झुकते माप देता येणार नाही. देशातल्या टेंडरच्या कायद्याचा हा पाया.

पण निकालाचा शेवट ऐका. दाद मागणाऱ्याच्या पदरात काहीच पडले नाही. मंजुरीनंतर पाच महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर तो कोर्टात आला होता. तोवर ठेका मिळालेल्याने सव्वा लाखाच्या आसपास खर्च केला होता. आणि न्यायालयाला असेही दिसले की अर्जदाराला स्वतःला त्या ठेक्यात खरा रस नव्हता; आधीचे उपाहारगृह चालवणाऱ्या आणि आधीच्या दाव्यांत हरलेल्या दुसऱ्याच माणसाने त्याला पुढे केले होते. तत्त्व जिंकले आणि अर्ज फेटाळला गेला. उशीर आणि पडद्यामागचा सूत्रधार, या दोन गोष्टींनी खरे म्हणणेही मातीत जाते. आपण हे गाठीला बांधून ठेवावे.

पुढे १९९४ मध्ये चार महानगरांतल्या मोबाइल टेलिफोनच्या परवान्यांचा वाद आला, टाटा सेल्युलरचा. तिथे सर्वोच्च न्यायालयाने सीमा आखली : निर्णय बरोबर की चूक हे आम्ही अपील ऐकल्यासारखे तपासणार नाही, निर्णय घेण्याची रीत नीट होती की नाही एवढेच पाहू. २००६ मध्ये ओरिसातल्या जगदीश मंडल प्रकरणात ती सीमा आणखी आवळली. हात घालण्यापूर्वी न्यायालयाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : निर्णय कुणावर मेहेरबानी म्हणून, दुष्ट हेतूने किंवा कोणताही शहाणा अधिकारी घेणार नाही असा मनमानी आहे का? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते का? उत्तर नाही आले तर हात घालू नये. हरलेल्या ठेकेदाराचा दुखावलेला अभिमान आणि धंद्यातली चुरस यांसाठी राईचा पर्वत करू देऊ नये, असेही तिथे बजावले आहे.

नागपूरकरांना जवळचा खटला २०१६ चा आहे. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या कामात एका चिनी आणि एका भारतीय कंपनीच्या संयुक्त निविदेला अपात्र ठरवले. त्यांचा अनुभव शहराशहरांना जोडणाऱ्या जलद रेल्वेचा होता. मेट्रो म्हणाली, आमच्या अटीतले मेट्रोचे काम ते हे नव्हे. नागपूर खंडपीठाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सांगितले की ज्याने निविदेचे कागद लिहिले, त्याच्या अटींचा अर्थ त्यालाच सर्वांत चांगला कळतो; त्यात दुष्ट हेतू किंवा उघड विपर्यास असल्याशिवाय न्यायालयाने आपला अर्थ लादू नये.

याच सुमारास कायदाही बदलला. विशिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. पायाभूत प्रकल्पाच्या कंत्राटाबद्दलच्या दाव्यात काम अडेल किंवा लांबेल असा मनाई हुकूम दिवाणी न्यायालयाने देऊ नये, असे त्यात आले. पायाभूत प्रकल्पांच्या यादीत रस्ते आहेतच. धरणे, कालवे, बंधारे आहेत. शेतमालाची गोदामे आणि शीतगृहेही आहेत. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार त्याने गेला नाही. पण २०२२ मध्ये झारखंडमधल्या एका रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उच्च न्यायालयांनीही कामाला स्थगिती देताना हात आखडता घ्यावा. अन्याय झाला असे दिसले तरी काम थांबवण्याऐवजी बाद झालेल्याला नुकसानभरपाई देण्याचा मार्ग धरावा.

न्यायालयाचे दार पूर्ण बंद झाले असे मात्र समजू नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झारखंडमधल्याच एका कोळसा खाणीच्या कामात एका निविदादाराला कागदातल्या त्रुटीवरून बाद केले होते आणि दुसऱ्याकडे सक्तीचे कागद नसतानाही त्याला पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा व्यवहार रद्द करून नव्याने निविदा काढायला लावली. एकाला एक मोजपट्टी आणि दुसऱ्याला दुसरी, हे उघडे पडले की न्यायालय आजही हात घालते.

काम थांबू नये, एवढ्यात आपले हित संपते का?

या निकालांचा सूर असा की स्थगिती देऊन काम अडवू नका. शेतकऱ्याला हे गोडच वाटणार. कालवा झाला पाहिजे, भांडणे नंतर करा. पण या गोड बोलण्यात एक खडा आहे.

भरपाईचा मार्ग धरायचा तर भरपाई कुणाला? बाद झालेल्या ठेकेदाराला. कुणाच्या पैशातून? सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच. ज्याला गैररीतीने काम मिळाले तो काम करत राहणार, बिल उचलणार. गैर सही करणारा अधिकारी निवृत्त होणार. आणि चुकीच्या हातात गेलेला कालवा आपल्या वावरातून वाहणार, किंवा वाहणारच नाही. "सार्वजनिक हित" म्हणजे काम लवकर होणे एवढेच धरले, तर काम चांगले होणे आणि रास्त दरात होणे हे हित बोलायला उभे कोण राहणार? ठेकेदार राहणार नाही. खाते राहणार नाही.

विदर्भाने याची किंमत मोजली आहे. गोसीखुर्दचा बहुतेक लाभ धानपट्ट्याचा, पण धडा कपाशीवाल्यांनाही तेवढाच लागू. १९८३ साली मंजूर झाला तेव्हा तो प्रकल्प ३७२ कोटींचा होता. पुढे ७,७७८ कोटी झाला, त्यानंतर १८,४९४ कोटी. २००९ साली काही महिन्यांत विदर्भातल्या ३८ सिंचन प्रकल्पांच्या किमती ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेल्या गेल्या. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून बांधकामाचा दर्जा आणि फुगवलेले दर यांवर बोट ठेवले. त्याच वर्षी सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. नागपूरच्या जनमंचाने जनहित याचिका केली. चितळे समितीने चौकशी केली. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोंदवलेल्या गुन्ह्यांत अपात्र ठेकेदारांना पात्र ठरवल्याचे आणि निविदांच्या किमती नियमबाह्य वाढवल्याचे आरोप आहेत. आरोप सिद्ध होणे ही वेगळी गोष्ट. पण आरोप कशाचे आहेत ते पाहा. पात्र कोण, अपात्र कोण, हाच तो पहिला लिफाफा.

आणि त्यातली सर्वांत बोलकी बाब माझ्या मते अशी आहे. या प्रकरणाला वाचा फोडली ती एका अभियंत्याने आणि नागरिकांनी. निविदा गमावलेले ठेकेदार तेव्हा ओरडत पुढे आले असे दिसले नाही. भांडण झाले असते तर कागद तेव्हाच बाहेर आले असते. जिथे टेंडरवरून भांडण होते तिथे निदान दोन माणसे तरी खरोखर स्पर्धेत होती असे म्हणता येते. जिथे दरवेळी तीनच निविदा येतात, तिन्ही अंदाजपत्रकाच्या आसपास असतात, दोन निमूटपणे बाद होतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही, तिथे पाणी मुरते आहे असे समजा. एकाने काम घ्यायचे, बाकीच्यांनी सोबतीला निविदा भरायच्या, पुढच्या वेळी पाळी बदलायची, याला ठेकेदारीत रिंग म्हणतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याने अशी संगनमताची बोली बेकायदा ठरवली आहे. पण रिंगमध्ये तक्रार करणारा आतला कुणी नसतो. बाहेरच्यानेच ती ओळखावी लागते.

तेव्हा गावोगाव जे म्हणतात की टेंडरची भांडणे हीच विकासातली धोंड आहे, त्यांच्याशी मी सहमत नाही. भांडण लांबणे ही धोंड आहे. भांडण होणे हा निदान जिवंतपणा आहे.

आपण कुठे उभे राहायचे

बोंडअळीचे उदाहरण तुम्हाला मी सांगायला नको. गुलाबी अळी बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, तिला लागत नाही. कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे ते त्याआधी. टेंडरचेही तसेच आहे. कार्यारंभ आदेश निघाला, यंत्रे जागेवर आली, की न्यायालयही म्हणते आता काम अडवू नका. आणि नागपूर मेट्रोच्या निकालाने सांगितले की अट ज्याने लिहिली, अर्थ त्याचा. मग शहाणपण कशात आहे? अट लिहिली जाते आणि जाहिरात निघते तेव्हा जागे राहण्यात. त्यानंतरची बोंब बहुधा अळी शिरल्यानंतरची फवारणी ठरते.

म्हणून आपल्या भागातल्या प्रत्येक कामासाठी हे करावे.

जाहिरात निघताच ती वाचावी. राज्य सरकारच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर जाहिरात, शुद्धिपत्रके, लिफाफे उघडल्याचा तपशील आणि निकाल कुणालाही पाहता येतो. त्यासाठी ठेकेदार असावे लागत नाही. गावातला शिकलेला पोरगा मोबाइलवर ते काढून देईल. तीन गोष्टी तपासा : जाहिरात ते शेवटची तारीख यांत दिवस किती, अनुभवाची अट कामाच्या मानाने वाजवी आहे की मापाची, आणि एकाच कामाचे तुकडे पाडून छोटी छोटी कामे केली आहेत का.

अट मापाची वाटली तर शेवटच्या तारखेच्या आत कार्यकारी अभियंत्याला लेखी पत्र द्यावे, प्रत मुख्य अभियंत्याला. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. कालव्याचे काम असेल तर पाणी वापर संस्थेने पत्र द्यावे. २००५ च्या कायद्याने ती संस्था सिंचनाच्या कारभारातली मान्य घटक आहे, तिचे पत्र रद्दीत टाकणे साहेबांना जड जाते. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही.

निकाल लागला की माहितीच्या अधिकारात कागद मागावेत. अर्ज साधा असतो, शुल्क १० रुपये, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. मागायचे ते असे : तांत्रिक लिफाफ्याचा छाननी तक्ता, बाद केलेल्या प्रत्येकाचे लेखी कारण, पात्र ठरलेल्याची त्याच अटीपुढची नोंद, आणि दरांचा तुलनात्मक तक्ता. उत्तराची मुदत ३० दिवसांची. व्यापारी गुपित म्हणून नकार देतील. तेव्हा सांगावे की काम दिले गेल्यानंतर छाननी तक्ता गुपित राहत नाही, आणि मोठ्या सार्वजनिक हितासाठी तो देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पहिले अपील करावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बाद झालेला ठेकेदार गावात येईल, तुमच्यासाठी लढतो आहे म्हणेल, मोर्चाला गाड्या देतो म्हणेल, कोऱ्या कागदावर सह्या मागेल. काम मिळालेला ठेकेदारही येईल, काम अडवणारे विकासाचे वैरी आहेत असे निवेदन घेऊन. दोघांनाही चहा पाजा आणि वाटे लावा. विमानतळाच्या खटल्यात खरे म्हणणे कशामुळे वाया गेले ते आठवा. आपले पत्र आपल्या अक्षरात, आपल्या सहीने आणि आपल्या खर्चाने. ठेकेदाराच्या जीपमधून गेलेला शेतकरी त्याच्याच बाजूचा धरला जातो.

मागणी काय

एवढे सगळे गावाने करायचे आणि सरकारने हात झटकायचे, असे चालणार नाही. निविदा बाद का झाली हे सांगणे ही मेहेरबानी असू नये. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत तरतूद आहे की निविदादाराने विचारले तर बाद करण्याचे कारण सांगावे लागेल आणि अटींवर, प्रक्रियेवर प्रश्न विचारण्याची सोय निविदेतच ठेवावी लागेल. तमिळनाडूने १९९८ मध्ये निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा केला; त्यात नाराज निविदादाराला दहा दिवसांत अपील करता येते. कर्नाटकाने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये असे कायदे केले. केंद्राने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचे विधेयक लोकसभेत आणले, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. महाराष्ट्रात हा कारभार मुख्यत्वे शासन निर्णय आणि नियमपुस्तिका यांवर चालत आला आहे. शासन निर्णय बदलायला एक सही पुरते.

म्हणून जिल्हा मेळाव्यांतून चार मागण्या एका आवाजात गेल्या पाहिजेत. बाद केलेल्या प्रत्येक निविदेचे कारण त्याच दिवशी जाहीर व्हावे. त्यानंतर थोडे ठरावीक दिवस कार्यारंभ आदेश देऊ नये, तक्रार यायची असेल तर त्या दिवसांत येऊ द्यावी. तक्रारीचा निकाल ते काम काढणाऱ्या खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने ठरावीक दिवसांत लेखी द्यावा. आणि बाद करणे मनमानीचे ठरले तर भरपाईतला वाटा सही करणाऱ्याच्या पगारातून किंवा पेन्शनीतून वसूल व्हावा. अशी छाननी दारातच झाली तर वर्षानुवर्षांचे खटले उरणार नाहीत, आणि "न्यायप्रविष्ट" हा शब्द साहेबांच्या तोंडी इतका सहज येणार नाही.

ठेकेदार हरला तर दुसरे टेंडर भरतो. अधिकाऱ्याची बदली झाली तर दुसरी खुर्ची मिळते. वितरिकेच्या शेवटच्या टोकाला ज्याचे वावर आहे, त्याला दुसरे वावर नसते. पुढचे टेंडर निघेल तेव्हा ते पहिल्यांदा वाचणारा माणूस त्या टोकाचा असला पाहिजे. मेळाव्यातून घरी जाल तेव्हा आपल्या भागात सध्या कोणते काम निघाले आहे आणि त्याची शेवटची तारीख काय आहे, एवढे शोधून काढा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या.